मी म्हणत होते हात काढणार नाही, ते म्हणत होते मागे व्हा

हे लिहू का नको करत आठ महिने गेले. केस अजून चालू आहे त्यामुळे जागा, तारीख, नावं काहीच देत नाहीये. एका मुलाच्या मांडीत कुणीतरी चाकू मारला होता, मी तिथं होते, साधारण वीस मिनिटं माझे दोन्ही हात त्याच्या जखमेवर होते आणि त्यातली पंधराएक मिनिटं आमच्या चारी बाजूंनी पोलीस होते. त्या पंधरा मिनिटांबद्दल मला कुणी कधीच काही शिकवलं नव्हतं. फर्स्ट एडचा कोर्स केलेला होता मी, ऑफिसने दोन वर्षांपूर्वी एक दिवसाचा ठेवला होता, त्यात बाहुलीची छाती दाबली, जखम दाबायला शिकलो, सर्टिफिकेट मिळालं. पण पोलिसांनी जागा ताब्यात घेतली की मदत करणाऱ्या माणसाने काय करायचं, त्यांच्याशी काय बोलायचं, नंतर काय काय होतं, यातलं काही त्यात नव्हतं. म्हणून जसं झालं तसं सांगते.

संध्याकाळची वेळ, मी ऑफिसातून घरी निघालेले. पुढे आरडाओरडा झाला, तीनचार जण पळताना दिसले आणि गर्दी एकदम फाकली तेव्हा तो मुलगा फुटपाथला टेकून बसलेला दिसला. बसलेला म्हणजे घसरत चाललेला. निळी जीन्स होती आणि उजव्या मांडीवर ती निळी राहिलीच नव्हती, खाली फरशीवर रक्त साचायला लागलं होतं. कोर्समध्ये सरांनी एक वाक्य दहा वेळा सांगितलं होतं की आधी स्वतःची सेफ्टी बघा, म्हणून मी दोन सेकंद थांबून बघितलं, मारणारे पळाले होते, चाकू खाली पडला होता, साधारण दोन हातांवर. तेवढंच बघितलं आणि बसले. आज विचारलं तर सांगेन की तेवढं बघणं पुरेसं नव्हतं, पळालेले लोक परत येऊ शकतात हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

गळ्यातला सुती स्कार्फ काढला, घडी करून जखमेवर ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी दाबलं, कोपर सरळ ठेवून, अंगाचा सगळा भार देऊन. एकाला बोट दाखवून सांगितलं, तुम्ही, चेक्सचा शर्ट, फोन लावा आणि स्पीकरवर ठेवा. नुसतं "कुणीतरी फोन करा" म्हटलं की कुणीच करत नाही, हे मात्र अगदी खरं आहे. एक काका स्वतःचा पट्टा काढून पुढे करत होते, बांधा म्हणून. पण जखम फार वर होती, जांघेच्या जवळ, टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला घट्ट आवळायचा पट्टा, हे जखमेच्या वर दोनतीन इंचांवर बांधायचं असतं आणि इथं वर बांधायला जागाच नव्हती. शिवाय नुसता पट्टा हाताने ओढून मोठ्या धमनीचं रक्त सहसा थांबत नाही, त्यात काठी घालून पिळावं लागतं. अशा ठिकाणी एकच उपाय, कापड जखमेच्या आत भरायचं आणि दाबून ठेवायचं. मोठी धमनी कापली गेली असेल तर पाचेक मिनिटांतही माणूस जाऊ शकतो, म्हणजे कुठलीही गाडी येण्याआधी जे कोण शेजारी असेल त्याच्याच हातात सगळं असतं.

मुलगा शुद्धीत होता. "ताई, पाय गार पडलाय" एवढंच परत परत म्हणत होता. मी त्याला नाव विचारलं, ते त्याने सांगितलं, मग मी दर थोड्या वेळाने त्याच नावाने हाक मारत राहिले.

पोलिसांची गाडी पाचसहा मिनिटांत आली. मला इतकं हायसं वाटलं, वाटलं चला सुटलो. पण तिथूनच वेगळं काहीतरी सुरू झालं.

त्यांच्या बाजूने बघा. गाडीतून उतरल्यावर त्यांना काय दिसतं, तर एक जखमी, खाली चाकू, आणि मनगटापर्यंत रक्ताने माखलेली एक बाई त्याच्या अंगावर वाकलेली. मारणारी कोण आणि वाचवणारी कोण हे त्यांना कळणार कसं? पहिला आवाज आला, "हात दाखवा! हात वर!" आणि मी हात वर करू शकत नव्हते. मी ओरडून म्हटलं, नाही काढता येणार, आणि हे फार चुकीचं उत्तर होतं हे मला आत्ता कळतं, कारण समोरच्याला त्यातलं फक्त "नाही" ऐकू आलं. एक तरुण कॉन्स्टेबल धावत आला, "ओ मॅडम, व्हा मागे, व्हा मागे म्हणतोय ना" म्हणत त्याने माझा खांदा धरून मागे ओढलं. माझा एक हात निसटला. जेमतेम दोन सेकंद. कापडाच्या कडेने रक्त परत वर आलं, गरम, आणि त्याच्या बुटावर गेलं. त्याने ते बघितलं. मी परत दाबलं आणि यावेळी का कोण जाणे आवाज शांत आला, म्हटलं, "साहेब, माझे दोन्ही हात जखमेवर आहेत. माझ्याकडे काही नाही. मी फर्स्ट एड शिकलेय. मी हात काढला की रक्त सुरू होतंय, तुम्ही आत्ता बघितलंत. चाकू तिकडे, माझ्या डाव्या बाजूला आहे, कुणी हात लावलेला नाही."

हीच वाक्यं मी पहिल्यांदाच बोलायला हवी होती. हात कुठे आहेत, जवळ काय नाही, मी काय करतेय आणि ते का थांबवता येत नाही. पोलिसाला आधी धोका मोजायचा असतो, त्याला उत्तरं द्या, मग तो तुमचं ऐकतो. मागून त्यांचे मोठे साहेब आले, त्यांनी चाकूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "राहू दे तिला तिथंच. मॅडम, मी सांगितल्याशिवाय हलायचं नाही." मी म्हटलं, मला हलायचंच नाहीये.

मग पट्टी लागली, ती पिवळी टेप, गर्दी मागे सारली, चेक्सचा शर्टवाला आणि त्याचा फोनसुद्धा टेपच्या पलीकडे गेला, म्हणजे फोनवर जी बाई मला सूचना देत होती तीही गेली. हे वाईट झालं. तो फोन आत राहायला हवा होता आणि ते मला सुचलं नाही, त्यांनाही सुचलं नाही.

आणि मग मला कोपऱ्यावरचे दिवे दिसले. ॲम्ब्युलन्स आली होती. लाल निळे दिवे फिरत होते, शंभरेक पावलांवर, आणि गाडी पुढे येत नव्हती. मी विचारलं, ते का येत नाहीयेत? साहेब म्हणाले, "एरिया क्लिअर झाल्याशिवाय त्यांना आत सोडता येत नाही. अजून एकजण इथंच कुठेतरी असेल." मला इतका राग आला की डोळ्यात पाणी आलं. मदत समोर उभी आहे, दिसतेय, आणि तिच्यात आणि या मुलात फक्त एक टेप आहे. सात मिनिटं गेली, हे नंतर कागदावर कळलं. माझ्या हातांना ती कितीतरी जास्त वाटली, मनगटं थरथरायला लागली होती.

त्या सात मिनिटांत दोन गोष्टी झाल्या त्या नीट सांगते. एक म्हणजे स्कार्फ पूर्ण भिजला आणि रक्त झिरपायला लागलं. वरून कितीही कापड ठेवलं तरी दाब जिथं हवा तिथं पोचत नसला की उपयोग होत नाही. मी त्या तरुण कॉन्स्टेबललाच म्हटलं, गाडीत डबा असेल ना, त्यात बँडेजचे रोल असतील ते आणा. तो पळत गेला. दोन रोल आणले. आता जीन्स फाडायला हवी होती म्हणजे जखम दिसेल, त्याने कात्री लावली आणि साहेब एकदम म्हणाले, "भोकावरून कापू नको, बाजूने काप." चाकूने कपड्याला जे भोक पडतं ना, ते पुरावा असतं, किती रुंद, कुठल्या कोनात, त्यावरून हत्याराशी जुळवतात. शिवणीच्या बाजूने कापलं, भोक तसंच राहिलं, आणि त्यात एक सेकंदही वाया गेला नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पुरावा आणि जीव यांचं भांडण असतं असं आपण धरून चालतो, बहुतेक वेळा ते नसतंच, फक्त कुणीतरी एक वाक्य वेळेत बोलावं लागतं.

दुसरी गोष्ट, ते भरणं. मी एका हाताने दाब ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने रोलचं टोक जखमेच्या आत, जिथून रक्त येतंय तिथं, खाली हाडाच्या दिशेने सरकवलं, मग त्यावर पुढची घडी, मग पुढची, आत मावेनासं होईपर्यंत. तो मुलगा जोरात किंचाळला. टेपच्या पलीकडून कुणीतरी ओरडलं, अहो ती काय करतेय, अडवा तिला. कॉन्स्टेबलने एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं. मी म्हटलं, दुखणारच, पण थांबेल. आणि अर्ध्या मिनिटात खरंच कमी झालं. मग मी त्याला सांगितलं की माझ्या हातावर तुमचा हात ठेवा आणि भार द्या, माझ्यात जोर राहिला नाहीये. त्याने ठेवला. दहा मिनिटांपूर्वी ज्याने मला मागे ओढलं होतं तोच.

क्लिअर मिळाल्यावर ॲम्ब्युलन्सवाले दोघं आले. त्यातल्या एकाने पहिल्यांदा मला सांगितलं, "मी म्हणेपर्यंत काढू नका." मग विचारलं, कधी झालं, किती रक्त गेलं, आत काय भरलंय, किती रोल. दीड रोल, मी म्हटलं. त्याने ते स्वतःच्या ग्लोव्हवर पेनाने लिहिलं. मग आपला हात माझ्या हाताशेजारी आणला, तीन म्हटलं, मी सरकवला, त्याने दाबला. मध्ये एक क्षणही जखम उघडी राहिली नाही. तेव्हा वाटलं की हे असंच व्हायला हवं होतं पोलीस आले तेव्हासुद्धा. मागे व्हा म्हणायला माझी ना नाही, पण आधी दुसरा हात तिथं आणा आणि मग म्हणा.

गाडी गेली. मी उठायला गेले तर गुडघे उलगडेनात. पाणी मागितलं, हात धुवायला, तर साहेब म्हणाले हात धुवू नका, फोटो आणि नमुने घ्यायचेत. टेपच्या आत एका कट्ट्यावर बसवलं आणि मी तिथं तासाभराच्या वर बसून होते. रक्त वाळलं की कातडी ओढल्यासारखी होते, बोटं मिटता येत नाहीत. कुणी वाईट वागलं नाही, पण कुणी काही सांगितलंही नाही. मी आरोपी आहे का साक्षीदार, घरी फोन करू शकते का, किती वेळ लागणार, काही नाही. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की डाव्या अंगठ्याच्या नखाशी मला कापलंय, जुनं कापलेलं का तिथंच कशाने लागलं माहीत नाही. आणि त्यावर त्याचं रक्त. मी गप्प बसले, वाटलं आत्ता काय सांगायचं. ही माझी चूक. कुणावरही अशी वेळ आली तर लगेच सांगा, माझ्या हाताला जखम आहे, आधी फोटो आणि नमुने घ्या, मला हात धुवायचेत. साबण आणि वाहतं पाणी हे जितकं लवकर तितकं चांगलं. नंतर डॉक्टरकडे गेले तर त्यांनी समजावलं की अखंड कातडीवर रक्त लागलं तर सहसा काळजीचं कारण नसतं, पण कापलेल्या जागी लागलं असेल तर एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यायची असतात, हिपॅटायटिस बी ची लसही विचारतात. मी घेतली. ते २८ दिवस मळमळ आणि झोप नाही असे गेले. हे लिहितेय ते कुणाला घाबरवायला नाही, एक ग्लोव्हची जोडी पर्समध्ये ठेवा म्हणून.

माझा स्कार्फ आणि बूट मुद्देमालात जमा झाले, बुटांची पावती मिळाली. मग जबाब. लिहिणाऱ्याने वाचून दाखवला त्यात एक वाक्य होतं, "सदर इसमांना वार करताना मी पाहिले." मी पाहिलं नव्हतं. मी पळताना पाहिलं होतं. रात्रीचे साडेदहा वाजले होते, घरचे वाट बघत होते, आणि सही करून सुटावं असं फार वाटलं. पण म्हटलं, हे बदला. तो वैतागला, पण बदललं. तुम्ही मदत केलीत म्हणजे तुम्ही सगळं पाहिलंत असं समोरचा धरून चालतो, आणि आपणही थकलेले असतो, त्यामुळे वाचल्याशिवाय सही करू नका, उद्या कोर्टात त्याच वाक्यावर प्रश्न येतात आणि खरं सांगणारा माणूस खोटा ठरतो.

त्यानंतर बरेच दिवस माझ्या डोक्यात ते कोपऱ्यावरचे दिवेच होते. शोधून शोधून वाचत बसले. १९९९ साली अमेरिकेत कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला तेव्हा एक शिक्षक वर्गात तीन तासांहून जास्त वेळ रक्तस्राव होत पडून होते, विद्यार्थ्यांनी अंगावरचे शर्ट काढून जखमा दाबल्या, खिडकीत पाटी लावली की इथं एकजण रक्त जाऊन मरतोय, बाहेर पोलीस होते आणि आतल्या खोल्या एकेक करून तपासत होते. ते शिक्षक गेले. २०१७ मध्ये इंग्लंडमध्ये मँचेस्टर अरीनात बॉम्ब फुटला, २२ लोक मारले गेले, आणि ज्या हॉलमध्ये तो फुटला तिथं पहिली चाळीस मिनिटं एकच पॅरामेडिक होता. तिथली साधी माणसं, स्टाफ आणि पोलीस यांनीच जखमा दाबल्या, जाहिरातींचे बोर्ड आणि लोखंडी कठडे स्ट्रेचर करून लोकांना बाहेर नेलं. चौकशीच्या अहवालात या मधल्या काळाला केअर गॅप म्हटलंय, मदत पोचेपर्यंतची पोकळी. मला तो शब्द वाचून रडू आलं, कारण माझी सात मिनिटं त्याच पोकळीतली होती.

हे बदलतंय, हेही सांगायला हवं. २०१३ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डला सर्जन, पोलीस, फायरवाले असे एकत्र बसले आणि त्यांनी ठरवलं की हल्लेखोराला थांबवल्यावर पोलिसांचं लगेचचं दुसरं काम म्हणजे रक्त थांबवणं, सगळं क्लिअर होईपर्यंत वाट बघायची नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतच स्टॉप द ब्लीड ही मोहीम सुरू झाली, सामान्य माणसांना जखम दाबायला, भरायला आणि टूर्निकेट लावायला शिकवणारी. जागेचे तीन भाग करतात, हॉट, वॉर्म आणि कोल्ड. जिथं धोका चालू आहे ते हॉट, तिथं फक्त पोलीस. जिथून धोका सरकलाय पण खात्री नाही ते वॉर्म, तिथं पोलिसांच्या कड्यात वैद्यकीय टीम आत जाते. बाहेरची सुरक्षित जागा ते कोल्ड. मी बसले होते ते बहुधा वॉर्म होतं. अमेरिकेतल्याच फिलाडेल्फिया शहरात तर पोलीस कित्येक वर्षं गोळी किंवा चाकू लागलेल्यांना ॲम्ब्युलन्सची वाट न बघता स्वतःच्या गाडीत घालून हॉस्पिटलला नेतात.

कायद्याचंही बघितलं. जर्मनीत शक्य असून मदत न करणं गुन्हा आहेच, २०१७ पासून मदत करणाऱ्याला अडवणं हाही गुन्हा झाला. भारतात २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ कलम आलं, मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं, पण ते वाहन अपघातातल्या जखमींपुरतं आहे, चाकू लागलेल्या मुलाजवळ बसलेल्या माणसाला त्यात काही नाही. हे मला फार खटकतं. रक्त दोन्हीकडे सारखंच वाहतं.

परत एकदा कोर्स केला, यावेळी दोन दिवसांचा, आणि तिथं पोलिसात काम केलेले एक गृहस्थ शिकवायला होते. त्यांना मी सरळच विचारलं की आम्हाला मागे का ओढता? ते म्हणाले, कारण दहातले नऊ जण मदत करत नसतात, व्हिडिओ काढत असतात, नाहीतर जखमीला बसवून पाणी पाजत असतात, आणि आम्हाला तीन सेकंदात तुम्ही कोण ते ओळखायचं असतं. पटलं मला. म्हणून आता मी सगळ्यांना सांगते की पोलीस आले की तुम्हीच आधी बोला, त्यांनी विचारायची वाट बघू नका. आणि त्यांनी खरंच मागे व्हा सांगितलं, गोळीबार आहे, आग आहे, तर मागे व्हायचं, वाद घालायचा नाही, जमलं तर जखमीला ओढत सोबत न्यायचं. माझ्या वेळी तसं नव्हतं, पण ते मला माहीत होतं असं मी म्हणणार नाही, मला फक्त रक्त दिसत होतं.

तीन महिन्यांनी पुरवणी जबाबासाठी पोलीस स्टेशनला बोलावलं. मुलगा जगलाय हे तिथं कळलं. पाय वाचला, चालताना लंगडतो. मी सही करून निघाले तर तोच तरुण कॉन्स्टेबल बाहेर आला, जरा घुटमळला आणि म्हणाला, "मॅडम, ते आत भरतात ते परत एकदा दाखवता का? आम्हाला नुसतं वरून बांधायचंच शिकवलंय." टेबलावर सेलोटेपचा रिकामा गोल पडला होता. मी तो हातात उभा धरला, म्हटलं ही जखम समजा, आणि त्याचा रुमाल घेतला. टोक आधी, बोटाने खालपर्यंत. मग घडीवर घडी. त्याने दोनदा करून बघितलं, दुसऱ्यांदा बरंच घट्ट भरलं, आणि मग त्यावर तळवा ठेवून विचारलं, "आता किती वेळ दाबायचं?"

म्हटलं, दुसरा हात येईपर्यंत.